झू_गेट_चिल्ड्रन: मुळाखाली उतरलं की −८, आणि मेमरीही चढतेय

प्रश्न:
मंडळी, झूकीपर (अनेक मशीनवरच्या प्रोग्रामांनी सामायिक माहिती ठेवायची सेवा) मधलं नोडचं अख्खं झाड छापणारा छोटा प्रोग्राम सीमध्ये लिहितोय. मल्टिथ्रेडेड लायब्ररी जोडली आहे. उत्तर येईपर्यंत थांबून राहणारी फंक्शन्स सिंगल-थ्रेडेडमध्ये नसतातच, हे कळण्यात माझा अर्धा दिवस गेला, ते असो.

'/' म्हणजे मुळावर झू_गेट_चिल्ड्रन (नोडच्या मुलांची यादी देणारं फंक्शन) चालवलं की ०, म्हणजे यश, येतो आणि तीन नावं मिळतात: झूकीपर, कॉन्फिग, वर्कर्स. त्या नावांवर तेच फंक्शन चालवलं की तिन्हींना −८. आणि सुरुवातच '/वर्कर्स'पासून केली तर खालचं सगळं बिनतक्रार छापलं जातं! सर्व्हरचा लॉग उघडून बसलो, तर तिथे या कॉलचा मागमूस नाही.

दुसरं दुखणं म्हणजे, दर पाच सेकंदांनी झाड नव्याने छापतो आणि मेमरी हळूहळू चढत जाते. नावांची यादी ज्या स्ट्रक्चरमध्ये मिळते त्या स्ट्रिंग_वेक्टरमधला डेटा मी न चुकता फ्री करतो. वॉचच्या (बदल झाला की कळवणारा पहारा) जागी १ दिलाय, कारण ज्या कोडवरून उचललं तिथे १ होता.

उत्तर १:
पाथ कसा जोडतोस? पैज लावतो, आईबापाचा पाथ, मग तिरकी रेघ, मग नाव. हे फंक्शन पूर्ण पाथ देत नाही, नुसतं शेवटचं नाव देतं, त्यामुळे जोडावं लागतंच. पण मुळाशी आईबापाचा पाथच '/' आहे, म्हणजे तुझा झाला '//वर्कर्स'. −८ म्हणजे आर्ग्युमेंट चुकीचं. पाथ तपासण्याचं काम क्लायंट लायब्ररी स्वतःच करते, विनंती सर्व्हरकडे जातच नाही. लॉगमध्ये काय दिसणार? शेवटी जादा रेघ राहिली तरी हेच होतं.

प्रश्नकर्ता:
पैज जिंकलात. पाठवायच्या आधी पाथ छापून पाहिला, दोन रेघा! आता मुळासाठी वेगळी अट घातली. मेमरी मात्र अजून चढतेच आहे.

उत्तर २:
तू फक्त डेटा फ्री करतोस, तो नुसता पॉइंटरांचा ॲरे. त्यातलं प्रत्येक नाव स्वतंत्र मॅलॉक केलेलं असतं, ती सगळी मागे राहतात. डीॲलोकेट_स्ट्रिंग_वेक्टर वापर, ते नावं आणि ॲरे दोन्ही सोडतं. स्ट्रक्चर स्टॅकवर असेल तर त्याला हात लावायचा नाही.

आणि हे नीट बघ: कॉल फसला तर लायब्ररी त्या स्ट्रक्चरमध्ये काहीच भरत नाही. आधी शून्य केलं नसेल आणि तू डोळे मिटून डीॲलोकेट केलंस, तर कचरा पॉइंटर फ्री होऊन प्रोग्राम आडवा. मी हे खाऊन बसलोय. असिंक्रोनस (उत्तरासाठी न थांबणाऱ्या) प्रकारात उलट आहे, कॉलबॅकला (उत्तर आल्यावर लायब्ररी बोलावते ते तुझं फंक्शन) मिळालेली यादी तुझी नसते, ती तू सोडायची नाही.

उत्तर ३:
वॉच ० कर. छापण्यापुरतं काम असताना प्रत्येक नोडवर पहारा कशाला? तोही एकदाच वाजतो, आणि थेट मुलं वाढली-घटली किंवा तो नोडच उडाला तरच. नातवंडांचं त्याला काही कळत नाही.

नावं क्रमाने येतील असंही धरू नकोस. सीक्वेन्शियल (नावाला आपोआप क्रमांक लागलेल्या) नोडच्या शेवटी १० अंकी, शून्यं लावलेला आकडा असतो. पुढचा भाग सारखा असेल तर साधं स्ट्रिंग सॉर्टिंग चालतं.

प्रश्नकर्ता:
डीॲलोकेट लावल्यावर व्हॅलग्राइंड (मेमरी गळती शोधणारं साधन) गप्प झालं, वॉचही ०. फक्त मधूनच एखाद्या वर्करला −१०१ येतो.

उत्तर २:
−१०१ म्हणजे असा नोडच नाही. यादी मिळाली आणि तू खाली उतरलास, तेवढ्यात तो वर्कर गेला. वर्करचे नोड बहुधा एफेमरल (बनवणाऱ्याचं सेशन संपलं की आपोआप जाणारे) असतील. ती ओळ सोडून पुढे जा, प्रोग्राम थांबवू नकोस.