मदत हवी आहे : नशेत गाडी चालवणाऱ्याची रक्ततपासणी

काल रात्री मोहोळजवळ एका ट्रकने माझ्या मामेभावाच्या दुचाकीला मागून धडक दिली. पाय मोडलाय, पण तो शुद्धीवर आहे, हेच नशीब. ड्रायव्हरला धड उभंही राहता येत नव्हतं. फुंकणीच्या यंत्रात मात्र शून्य आलं, कारण ते फक्त दारू पकडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये अमली पदार्थही येतात. पण दारूला १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, तशी गांजा-गोळ्यांना नाही. गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता, हे सिद्ध करावं लागतं. ही पळवाट बुजायलाच हवी!

रक्त-लघवीचे नमुने घेतलेत का, हे कुठे विचारायचं? उशीर झाला तर पुरावाच उरणार नाही. सोलापुरात अशा केसेस लढलेले वकील कोणी सुचवाल का?