गणित दिनाला दहा मिनिटं मिळालीत, काय दाखवू?

खिडकीची_सीट
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. एसवाय बीएस्सीला आहे. रोज जाऊनयेऊन दीड तास बसमध्ये जातो आणि तेवढा वेळ मी गाड्यांच्या नंबरप्लेटशी खेळत बसते, म्हणजे आकड्यांची बेरीज कर, ९ ने भाग जातो का बघ, चारही आकडे वापरून १० होतात का बघ, एकदा तर या नादात स्टॉपच गेला. मैत्रिणी म्हणतात डॉक्टरला दाखव. तर २२ डिसेंबरला, रामानुजनच्या वाढदिवसाला, कॉलेजात गणित दिन असतो आणि मला दहा मिनिटं मिळालीयेत. हॉलमध्ये कॉमर्स, आर्ट्सवाले पण असणार. गेल्या वर्षी एका सिनियरने पाय (π) या विषयावर स्लाइड्स दाखवल्या तर निम्मे लोक मोबाईलमध्ये होते. स्लाइड न लावता, सगळ्यांना हातात पेन घ्यायला लावेल असं काही सुचवा ना प्लीज.

रिटायर्ड_मास्तर
पोरी, तुझी खोडच दाखव की! ज्याला त्याला स्वतःच्या गाडीचा नंबर घ्यायला सांग. आकडे उतरत्या क्रमाने लिही, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा कर, उत्तरावर परत तेच. ३०८७ घे. ८७३० - ०३७८ = ८३५२. मग ८५३२ - २३५८ = ६१७४. आता ६१७४ वर करून बघ, ७६४१ - १४६७, परत ६१७४च. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत सगळे तिथेच येतात. हा कापरेकर स्थिरांक. द. रा. कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचे, नोकरी देवळालीला शाळामास्तरची. इथले लोक आकड्यांचा वेडा म्हणून हसायचे, मग १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर या गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या लेखकाने त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे जगभर नाव झालं.

डोंबिवली_फास्ट
मास्तरांना +१. पण कापरेकर म्हटलं की आमचा हक्क आधी! १, १२१, १२३२१ या चढून उतरणाऱ्या संख्यांना त्यांनी डेम्लो नाव दिलं ते आमच्या स्टेशनावरून, जीआयपी रेल्वेच्या काळातलं ते डोंबिवलीचं जुनं नाव. १११ चा वर्ग १२३२१, असं नऊ एकांपर्यंत छान चालतं, दहाव्याला हातचा येतो आणि शिडी मोडते. आमच्या जिन्यासारखीच, मध्येच बंद.

खिडकीची_सीट
मास्तर काका, भारीये हे!! पण बाबांच्या स्कूटरवर फसलं. नंबर ४४३४. ४४४३ - ३४४४ = ९९९, आणि ९९९ मधून ९९९ गेले की शून्य. स्टेजवर असं झालं तर माझी वाट.

रिटायर्ड_मास्तर
९९९ नाही, ०९९९. पुढचं शून्य खाल्लंस. ९९९० - ०९९९ = ८९९१, पुढे कर, येतंय. हे सुरुवातीलाच फळ्यावर मोठ्ठं लिही. चारही आकडे सारखे असले तरच खेळ बंद, म्हणजे ज्याने पैसे मोजून ११११ घेतलाय त्याच्या हातात भोपळा. आणि एक, प्रत्येक उत्तराच्या आकड्यांची बेरीज ९ च्या पाढ्यातच यायला पाहिजे, नाही आली तर वजाबाकी चुकली. आजकालची पोरं हातचा विसरतात, मी ३१ वर्षं बघितलंय.

पार्टीत_गप्प
वाढदिवसवालं पण आहे, २३ जण असले की कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता ५०% च्या वर जाते. पण मी ऑफिसात ३० जणांवर केलं, तिथे ७०% शक्यता, तरी एकही जोडी निघाली नाही. अजून चिडवतात. ६० च्या वर माणसं असतील तरच हात घाल, तिथे ९९% च्या वर आहे.

आजीची_औटकी
जुने पाढे घ्या! आमच्या आजीला पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. औट म्हणजे साडेतीन, सोळा औटे छप्पन्न. भाजीवाल्याचा कॅल्क्युलेटर निघायच्या आत हिशोब तयार असायचा. दहा मिनिटांत पाढे ऐकवलेस तर पब्लिक पळेल हे मात्र खरं.

शून्यशेष
कुणीतरी 'असं का होतं' विचारणारच, तेव्हा एवढं सांग. क्रमाने लावल्यावर पहिल्या-शेवटच्या आकड्यांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोघांतला फरक गुणिले ९०, हीच वजाबाकी. ३०८७ मध्ये हे फरक ८ आणि ४, म्हणजे ७९९२ + ३६० = ८३५२. म्हणजे चार आकडी नंबर हजारो असले तरी पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ उत्तरं शिल्लक राहतात (सगळे सारखेवाले सोडून). बाकी त्या ५४ ना हाताने तपासायचं, सगळ्या वाटा ६१७४ ला जातात. याहून सुंदर कारण शोधत बसू नकोस, मी दोन रविवार घालवलेत.

रिटायर्ड_मास्तर
सुरुवात १७२९ ने कर. रामानुजनची टॅक्सी, म्हणजे आजारी रामानुजनला भेटायला गणितज्ञ हार्डी ज्या टॅक्सीने गेला तिचा नंबर, १२ चा घन अधिक १ चा घन, आणि १० चा अधिक ९ चा पण. आकड्यांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. बेरजेने भाग जातो अशा संख्येला कापरेकरांनी हर्षद नाव दिलंय. टॅक्सी म्हणजे परत गाडीचाच नंबर आला!

खिडकीची_सीट
ठरलं, नंबरप्लेटच. आत्ता बसमध्ये १७२९ केला, ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४, बरोब्बर सात लागले, पूर्ण कोटा!! फळ्यावर हाच करणार. काल मेसमध्ये आठ जणांवर ट्रायल पण घेतली. सात जण पोचले, एकजण ८३६२ वरून भलतीकडेच चालला होता आणि हे सगळं थोतांड आहे म्हणत होता. मी आकडे मिळवले, १९. म्हटलं हातचा विसरलास. त्याने परत केलं आणि मग गुपचूप स्वतःच्या बाबांच्या, मामाच्या, घरमालकाच्या गाड्यांचे नंबर घालत बसला, आमटी गार झाली त्याची.