मदत हवी आहे: ई-याचिकेवरच्या सह्यांतून नाशिककरांचा सहभाग कसा मोजायचा?

एम.ए. राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी गोदावरीचं प्रदूषण, तपोवनातली झाडं अशा विषयांवरच्या ऑनलाइन याचिका अभ्यासतेय.

महिनाभर रोज रात्री नऊला सह्यांचा आकडा एक्सेलमध्ये नोंदवला. वाढ कधी झाली ते कळतं, सही कुणाची ते नाही. प्रतिक्रियांत एकीने लिहिलंय, "माहेर पंचवटी, आता पुण्यात." तिला नाशिककर धरू का? मला तर धरावंसं वाटतं!

ब्रिटिश संसदेच्या याचिकांना पोस्टकोड लागतो, मतदारसंघनिहाय सह्या जाहीर होतात. १०,००० सह्यांना सरकार उत्तर देतं, १,००,००० झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. आपल्याकडच्या खासगी संकेतस्थळांवर मला फक्त एकूण आकडा दिसतो. एका संकेतस्थळाला ईमेल केला, उत्तर नाही.

सह्या करणाऱ्यांची नावं गोळा करायची नाहीत, मार्गदर्शकांची सक्त सूचना आहे. पैसे खर्चून सर्वेक्षण शक्य नाही. कॉलेज रोडवर प्रश्नावली भरून घेतली, पण सगळी तरुण मुलंच भेटली. सातपूर, सिडकोतले कामगार सुटले.

अशा वेळी स्थानिक सह्यांचा अंदाज कसा बांधायचा? आणि प्रमाण काढताना भागायचं कशाने: नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळालीच्या एकूण मतदारांनी, की फक्त इंटरनेट वापरणाऱ्यांनी?