कोरियन सिनेमातला मोडत चाललेला संसार: चार चित्रपट कोणते आणि कोणत्या क्रमाने?

चौथी_रांग
आमच्या फिल्म गटात चार शनिवार, चार कोरियन चित्रपट असं ठरलंय. विषय आहे विवाहबाह्य संबंध आणि लग्नातलं एकटेपण. बहुतेकांनी के-ड्रामा पाहिलेत, जुना कोरियन सिनेमा कुणीच पाहिलेला नाही. कोणते चार घ्यावेत आणि कुठून सुरुवात करावी? दुसरं म्हणजे, असा चित्रपट संपला की चर्चा 'चूक तिची की त्याची' यावरच अडकते. ते टाळायला आधी काय सांगून ठेवावं? इंग्रजी सबटायटलमधून काय निसटतं, तेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

रीळ_क्रमांक_पाच
किम कि-यंगच्या 'द हाउसमेड'पासून (१९६०) सुरुवात करा. नवरा कापड गिरणीतल्या मुलींना संगीत शिकवतो, घरी पियानोच्या शिकवण्या घेतो. बायको दिवसरात्र शिलाई मशीनवर बसून दुमजली घराचे पैसे उभे करते. नवं घर झेपेना म्हणून मोलकरीण येते आणि तिथून सगळं बिघडतं. म्हणजे बाहेरख्यालीच्याही आधी त्या घरात हप्ता आणि दमणूक येऊन बसलेली असते. हे पहिल्या वीस मिनिटांत दिसतं, आणि प्रेक्षकांचं तिथेच लक्ष नसेल तर पुढचा सगळा चित्रपट त्यांना नुसती भयकथा वाटतो.

गटाला दोनच गोष्टींवर नजर ठेवायला सांगा: जिना आणि उंदराच्या विषाची बाटली. वर कोण चढतं, खाली कोण पडतं आणि ती बाटली कुणाच्या हाताला लागते, एवढं टिपलं तरी घरात सत्ता कुणाकडे जातेय ते कळतं. शेवटी नवरा थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतो. त्या जागी लोक हमखास हसतात, त्यामुळे आधी कल्पना द्या.

प्रत मात्र २००८ साली दुरुस्त केलेलीच घ्या. मूळ निगेटिव्हमधली दोन रिळं गहाळ होती. त्यांच्या जागी जी प्रिंट मिळाली तिच्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी सबटायटल होती, ती एकेका फ्रेमवरून पुसून काढावी लागली. तेवढ्या भागात चित्र थोडं मऊ, अंधुक दिसतं. प्रोजेक्टर बिघडला असं समजून कुणी उठू नये. कोरियन फिल्म अर्काइव्हच्या यूट्यूब वाहिनीवर असे जुने चित्रपट सबटायटलसकट फुकट बघायला मिळतात.

त्याच्याही आधीचा 'मॅडम फ्रीडम' (१९५६) वेळ असेल तर एकेकट्याने बघा. प्राध्यापकाची बायको परदेशी मालाच्या दुकानात नोकरी धरते आणि नाचघराकडे ओढली जाते. चौघांत मी तो धरणार नाही, शेवटचा उपदेश फारच जड आहे.

पडद्याची_कड
'हाउसमेड' हवाच, पण दुसऱ्या शनिवारी 'हॅपी एंड' (१९९९) ठेवा, म्हणजे दोन्ही घरं शेजारी शेजारी दिसतील. डिसेंबर १९९७ मध्ये कोरियाला आयएमएफकडून कर्ज घ्यावं लागलं आणि पगारदारांच्या नोकऱ्या धडाधड गेल्या. इथला नवरा (चोई मिन-सिक) बँकेतली नोकरी गेलेला. तो जुन्या पुस्तकांच्या दुकानात बसून कादंबऱ्या वाचतो, घरी टीव्ही मालिका बघतो, बाळाला सांभाळतो. बायको (जन दो-यन) लहान मुलांसाठी इंग्रजीची संस्था चालवते आणि जुन्या प्रियकराला भेटत राहते.

ती चर्चा घसरते ती इथेच. कारण प्रियकराकडे जाता यावं म्हणून ती बाळाच्या दुधात झोपेचं औषध मिसळते. त्या एका प्रसंगानंतर प्रेक्षक तिच्याविरुद्ध निकाल देऊन मोकळे होतात आणि नवरा शेवटी जे करतो ते त्यांना जवळपास रास्त वाटायला लागतं. म्हणून चर्चेला असा प्रश्न द्या: पहिल्या अर्ध्या तासात तो कोणकोणती घरकामं करतो आणि त्याबद्दल त्याच्याशी कोण, कोणत्या सुरात बोलतं? नोकरीबरोबर त्याचा घरातला मान गेलाय, आणि तिच्या वाट्याला कमावण्याची जबाबदारी येऊनही मोकळीक आलेली नाही. दोघंही एकटे आहेत, फक्त एकाचं एकटेपण घरात आहे आणि दुसऱ्याचं घराबाहेर.

सुरुवातच उघड शरीरसंबंधाच्या लांब प्रसंगाने होते. फक्त प्रौढांसाठी, हे निमंत्रणातच लिहा.

यो_आणि_सुम्निदा
सबटायटलबद्दल. आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' यांत जे अंतर आहे, ते कोरियनमध्ये क्रियापदाच्या शेवटी बसतं. वाक्य 'यो' किंवा 'सुम्निदा'ने संपलं तर आदराची भाषा, ते गळलं तर जवळीक, नाहीतर सरळ उद्धटपणा. इंग्रजीत सगळ्याचं एकच 'यू' होतं. भाषा येत नसली तरी तो 'यो' कानाला लगेच कळतो. नवरा-बायकोच्या तोंडी 'यबो' ऐकू येईल. ते आपल्या 'अहो'च्या जवळचं, फक्त ते दोघंही वापरतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पार्क चान-वूकचा 'डिसिजन टू लीव्ह' (२०२२). डिटेक्टिव्ह बुसानमध्ये, बायको दूर इपो गावातल्या अणुवीज केंद्रात, त्यामुळे संसार शनिवार-रविवारचा. अशा जोडप्यांना कोरियनमध्ये 'जुमाल बुबू' म्हणतात. बायकोशी तो घरच्या मोकळ्या भाषेत बोलतो, पण बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. संशयित सो-रेशी मात्र जवळपास शेवटपर्यंत 'यो' सुटत नाही, आणि सगळी ओढ त्या आदरातच साठलेली आहे.

चौकशीच्या खोलीतलं जेवण नीट बघा. तो तिच्यासाठी महागडी सुशी मागवतो. खाऊन झाल्यावर दोघं न बोलता डबे आवरतात, टेबल पुसतात, एकाचा हात दुसऱ्याच्या आड येत नाही. वर्षानुवर्षं एका स्वयंपाकघरात वावरलेली माणसं असं आवरतात. पुढचं सगळं प्रेमप्रकरण त्या अर्ध्या मिनिटात होऊन गेलेलं आहे.

एक शब्दही टिपा: 'बुंगग्वे'. पूल किंवा इमारत कोसळते त्याला हा शब्द. तो म्हणतो, मी पूर्ण कोसळलो. सो-रे चिनी आहे, तिला शब्द कळत नाही, ती तो शोधून बघते. इंग्रजीत तिथे 'शॅटर्ड' येतं आणि इमारतीचं ते वजन जातं.

यातलं 'धुकं' हे गाणं १९६७ च्या त्याच नावाच्या चित्रपटातलं. तिथेही सोलचा एक विवाहित माणूस गावी जाऊन एका संगीत शिक्षिकेत गुंततो आणि तार आली की परततो.

कलम_२४१
चर्चेआधी ही पार्श्वभूमी द्याच. कोरियात व्यभिचार २६ फेब्रुवारी २०१५ पर्यंत फौजदारी गुन्हा होता. दंडसंहितेचं कलम २४१, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंडाचा पर्यायच नाही. तक्रार फक्त जोडीदार करू शकायचा आणि त्यासाठी घटस्फोटाचा दावाही लावावा लागे. म्हणजे 'हॅपी एंड'मधला नवरा पोलिसांत जाऊ शकत होता, पण मग संसार स्वतःच्या हातानेच मोडला असता. आपलं कलम ४९७ (२०१८ मध्ये रद्द) फक्त परपुरुषाला शिक्षा करायचं. तिथे दोघंही आरोपी होत.

चौथी_रांग
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन ठरले. चौथा 'कम रेन, कम शाइन' (२०११) चालेल का? फार संथ आहे असं ऐकलंय.

पडद्याची_कड
चालेल, पण तिसऱ्या शनिवारी. 'डिसिजन टू लीव्ह' शेवटी ठेवा. 'कम रेन, कम शाइन'च्या सुरुवातीला विमानतळाकडे जाणारी गाडी, जवळपास दहा मिनिटांचा एकच शॉट. इकडतिकडच्या गप्पांत बायको नवऱ्याला सांगते की मी घर सोडतेय. तो ओरडत नाही, कारणही विचारत नाही. मग पावसात अडकलेलं घर, आणि तो तिचे कप कागदात गुंडाळून देतो. तिला नेमका तोच समजूतदारपणा सहन होत नाही. कांदा चिरताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, तिथे खोलीत कुणी बोलू नये.

मध्यंतर अजिबात नको, ताण एकदा सुटला की परत बसत नाही. पाऊस सतत आहे, लॅपटॉपच्या स्पीकरवर त्याची नुसती खरखर होते, तेव्हा बाहेरचे स्पीकर जोडा. आणि चहा आधीच देऊन टाका.