पॉलिहाऊसमध्ये चिलापी आणि पालेभाजी: 1000 लिटरला किती मासे, किती वाफे?

निफाड_शिवार: सेंद्रिय भाजीच्या पॉलिहाऊसमध्ये अ‍ॅक्वापोनिक्स (माशांच्या टाकीतलं पाणी वाफ्यांतून फिरवून त्यावर भाजी वाढवायची पद्धत) बसवायचं आहे. 1000 लिटरची आयबीसी टाकी (जाळीच्या पिंजऱ्यातली चौकोनी प्लास्टिक टाकी) आहे, बोअरच्या पाण्याचा पीएच 8.2. गिफ्ट तिलापिया (चिलापीची सुधारित जात) किती सोडावेत, वाफे किती? सुरुवातीला पाण्यात उपयोगी जीवाणू तयार व्हायला शेणस्लरी चालेल का? किडीला आम्ही निमार्क (कडुलिंबाचा अर्क) फवारतो.

खडीवाफा: माशांच्या संख्येपेक्षा रोजच्या खाद्यावरून हिशेब करा. पालेभाजीच्या दर चौरस मीटर वाफ्यामागे माशांना रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्य घातलं की पुरतं. 20 मासे अर्ध्या किलोचे झाले की वजन 10 किलो, खाद्य दीड टक्क्याने 150 ग्रॅम, म्हणजे 3 चौरस मीटर वाफा. मर धरून 25 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडा.

दीड-दीड चौरस मीटरचे दोन वाफे, 30 सेंमी खोल, पाऊण इंची काळी खडी, कच पूर्ण धुऊन. मूठभर खडीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर ती खडी नको. आपल्या काळ्या दगडातही कधी कधी चुनखडीचे पांढरे खडे निघतात आणि मग पीएच खाली येतच नाही. पाण्यासकट एक वाफा 850 किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे पत्र्याच्या स्टँडवर ठेवू नका. वाफा भरला की पाणी आपोआप टाकीत सोडणारे दोन्ही सायफन एकदम सुटले तर टाकीत पाण्याचा लोंढा येतो आणि वाफे भरताना टाकी तितकीच रिकामी होते. भरण्याच्या वेळा मागेपुढे ठेवा. पंप लेबलवर 2000 लिटरचा घ्या, सव्वा मीटर चढ चढून तासाला हजारेक लिटर मिळायला हवेत. हवेचा पंप वेगळा आणि बॅटरीवर. लाईट गेली की मासे ऑक्सिजनवाचून मरतात, भुकेने नाही.

नायट्रेट_नाना: शेणस्लरी, जीवामृत काहीही टाकीत नको. ते कुजताना ऑक्सिजन खातं आणि अमोनिया किती वाढेल याचा अंदाज राहत नाही. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू वाढावेत म्हणून मासे सोडण्याआधी लॅब ग्रेड नवसागर (अमोनियम क्लोराइड) 8 ग्रॅम टाका, 1000 लिटरला अमोनिया-नायट्रोजन 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) होतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर नको. पाण्यातला अमोनिया संपला की पुन्हा तेवढाच नवसागर. आधी नायट्राइट चढतं, मग उतरतं. 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की बोटुकली सोडा. चार ते सहा आठवडे लागतात. नवसागर सेंद्रियात नको असेल तर थोडं मासळीखाद्य कुजवा, वेळ जास्त लागेल.

पीएच 8.2 ला तोच अमोनिया पीएच 7 च्या मानाने दहापटीहून जास्त विषारी ठरतो. म्हणून सुरुवात पावसाच्या पाण्यात बोअरचं थोडं मिसळून करा. जीवाणू कामाला लागले की पीएच आपोआप घसरतो. 6.5 च्या खाली जाऊ लागला तर चुन्याची निवळी, थोडी थोडी. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे: डीटीपीए चिलेट (पाण्यात विरघळणारं लोह), 11 टक्क्यांची भुकटी 20 ग्रॅम, दर तीन आठवड्यांनी.

जाळं_आणि_गळ: निमार्क बंदच करा, ताई/दादा जे असाल ते. वाफ्यातून तो माशांपर्यंत जातो, आणि त्यातला साबण कल्ल्यांना बाधतो. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) तर अजिबात नको, तांब्याने मासेही जातात आणि जीवाणूही. अळीला बीटी (जीवाणूंपासूनचं कीटकनाशक), माव्याला पाण्याचा जोरदार फवारा, पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे.

उजनीची चिलापी आणून सोडू नका. नर-मादी मिश्र असतात, दोन-तीन महिन्यांत पिलावळ होते आणि सगळे मासे खुरटतात. फक्त नर असलेलं गिफ्ट बीज घ्या, आणि आधी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात परवानगीचं विचारून घ्या.

निफाड_शिवार: ताईच आहे. थंडीत हीटर लावला तर?

खडीवाफा: ताई, 1000 लिटर पाणी एक अंश तापवायला सव्वा युनिटाच्या जवळपास वीज लागते. निफाडच्या थंडीत रोज पाच-सहा अंश भरून काढायचे म्हटलं तर मासे विकून बिल निघणार नाही. 20 अंशांखाली ते धड खात नाहीत, 12 च्या आसपास मरू लागतात. फेब्रुवारीअखेर सोडा, नोव्हेंबरात काढा. मागे राहिलेल्यांसाठी टाकीला 50 मिमी थर्माकोल आणि झाकण लावा, रात्री पंप तासातून 15 मिनिटंच चालवा, कारण गार खडीतून फिरूनच पाणी जास्त थंड होतं. हवेचा पंप मात्र चालूच ठेवा.