इंजिनात हात मिस्त्रीचा, तर चावी कोणाच्या खिशात?

मिरकरवाड्याचा मिस्त्री:
१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे आमच्यासाठी इंजिनं खोलायचा हंगाम. एकच मुद्दा मांडतो, पटला नाही तर सांगा. इंजिनात ज्याचा हात, चावी त्याच्याच खिशात. बोट चालवणाऱ्या तांडेलाकडे नाही, मालकाकडेही नाही. इंजिन सुरू करणाऱ्या सेल्फचं बटण वर केबिनमध्ये आणि मिस्त्री खाली इंजिनरूममध्ये. वरच्याला खालचा दिसत नाही आणि उपसापंप चालू असला तर हाकही ऐकू जात नाही.

गेल्या वर्षी जेट्टीवर एका खलाशाने बॅटरी उतरलीय का बघायला सेल्फ मारला. खाली एका पोराची बोटं पट्टा आणि पुलीच्या मध्ये होती. दोन गेली. केबिनच्या दारावर खडूने ‘काम चालू आहे’ लिहिलेलं होतं, पण खलाशी नेपाळचा, त्याला मराठी वाचता येत नव्हतं. आपल्या बोटींवर असे किती जण आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. चावीच जागेवर नसेल तर वाचता येण्याचा प्रश्नच उरत नाही.

हर्णैचा नाखवा:
मिस्त्री, जेट्टीवर तुमचं खरं. दर्यात नाही. पाण्याच्या पंपाचा पट्टा तुटला, वारा किनाऱ्याकडे, नांगर धरत नाही आणि पलीकडे खडक. तेव्हा मला इंजिन त्या क्षणाला लागतं. बोटीवरच्या सगळ्यांचा जीव माझ्या अंगावर असतो. चावी खाली सांदीत वाकलेल्या माणसाच्या खिशात ठेवून मी सुकाणू धरून उभा राहणार नाही.

आणि सगळी कामं इंजिन बंद ठेवून होत नाहीत. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं कुठलं नोझल खराब आहे ते कसं शोधता? चालू इंजिनवर एकेका पाइपचा नट सैल करूनच ना? ज्याने आवाज बदलत नाही ते खराब.

मिरकरवाड्याचा मिस्त्री:
नाखवा, पट्टा निघालेला आणि माणसाचा हात आत, अशा वेळी बटण दाबून बोट खडकापासून लांब जाईल का? हात चिरडेल, पट्टा पुन्हा अडकेल, इंजिन तिथेच. आधी त्याला बाहेर काढावंच लागेल. तो बाहेर आला की चावीही आली.

नोझलचं मान्य, पण जुन्या पंपाच्या इंजिनपुरतंच. कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं त्या इंजिनवर, चालू असताना नट कोणी सैल करू नये. तिथे दाब १६०० बारच्या वर जातो.

ओपीडीतली सर्जन:
त्या दाबाबद्दल लिहायलाच हवं. गळती शोधायला पाइपवरून बोट फिरवतात. डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते, वर फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते. सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून हळद लावून माणूस कामाला लागतो. आत डिझेल स्नायुबंधाच्या आवरणातून पसरत जातं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट कापावं लागू शकतं. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. दवाखान्यात ‘जखम झाली’ एवढंच म्हणू नका, दाबाखालचं डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

सेकंड इंजिनिअर:
मी मालवाहू जहाजावर असतो. मिस्त्रींचा हेतू बरोबर, पण चावीवर त्यांचा भरवसा जास्त आहे. सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचवर, स्क्रूड्रायव्हर टेकवला की चावीशिवाय सेल्फ फिरतो, हे प्रत्येक खलाशाला येतं. प्रवाहाने बोटीचा पाण्यातला पंखा फिरला की गिअरमध्ये असलेलं इंजिनही हलू शकतं. म्हणून गिअर न्यूट्रलला, शाफ्टला अडकण, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडायची आणि टोकाला टेप गुंडाळून बाजूला बांधायची. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना इंजिनला टेकला, की ठिणगी. चार्जिंगनंतर बॅटरीजवळ हायड्रोजन असतो, तो हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो.

एक गोष्ट इथे कोणीच काढली नाही. इंजिन तापून बंद पडलं की चेंबरची, म्हणजे क्रँककेसची, झाकणं लगेच उघडू नयेत. आत तेलाचं धुकं साचलेलं असतं, तापलेला भाग अजून तसाच असतो आणि झाकण उघडलं की त्याला हवा मिळून स्फोट होऊ शकतो. आम्ही निदान अर्धा तास थांबतो. बंद झाकणांमागेही हा स्फोट होतो. ११ सप्टेंबर १९४७ ला बेलफास्टजवळ ‘रेना डेल पॅसिफिको’ जहाजाच्या चाचणीत क्रँककेसचे स्फोट झाले, २८ माणसं गेली. तुमचं सहा सिलिंडरचं इंजिन लहान आहे, पण धुकं तेच.

देवगडकर:
मी दोन बोटींचा मालक. अर्धा तास इथे, वायर तिथे, असं करत बसलो तर १ ऑगस्टला बोट निघेल का? कर्जाचा हप्ता थांबत नाही. पट्ट्याची जाळी मीच काढून ठेवलीय, कारण दर्यात चार बोल्ट खोलेपर्यंत इंजिन तापतं.

मिरकरवाड्याचा मिस्त्री:
देवगडकर, जाळी बिजागरीवर बसवा, एका खिट्टीत उघडते. वेल्डरचं एका सकाळचं काम आहे. काढून ठेवलेल्या जाळीच्या बाजूने वाकलेल्या माणसाच्या खांद्यावर टॉवेल असतोच, शाफ्ट तो ओढून घेतो.

जनरेटरवाला:
जेनसेटचं वेगळं. ऑटो स्टार्टचा कंट्रोलर असेल तर तो चावी विचारत नाही, स्वतःहून सुरू होतो. ऑटो बंद करा आणि बॅटरीही सोडा. जेट्टीची लाइन जोडलेली असताना एका वेळी एकच वीज जोडणारा चेंजओव्हर स्विच नसेल, तर थांबलेल्या जेनसेटच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट उभे असतात. आणि पाय बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या, पाण्यात.

हर्णैचा नाखवा:
इंजिनिअर, वायरचं पटलं. मिस्त्रीने ती सोडावी, मी हात लावणार नाही. चावी मात्र दर्यात माझ्याकडेच.

मिरकरवाड्याचा मिस्त्री:
मग बॅटरीला मेन स्विच बसवा, ज्याची मूठ काढून घेता येते. मूठ माझ्याकडे, चावी तुमच्याकडे.

हर्णैचा नाखवा:
मूठ बिल्जमध्ये पडली तर बोट परत कशी आणायची? दुसरी हवीच.

मिरकरवाड्याचा मिस्त्री:
असू दे दुसरी, पण केबिनमध्ये सील केलेल्या डब्यात. आणि सील फोडायच्या आधी खालचा माणूस वर येऊन तुमच्यासमोर उभा हवा.