लातुरात ट्यूब अ‍ॅम्प झेपेल का, की कटानाच बरा?

तार_तुटली (लातूर)
मंडळी, सहा वर्षं झाली गिटार वाजवायलोय. आजवर पेडलमधून सरळ ऑर्केस्ट्राच्या मिक्सरला. आता कसेबसे 40 हजार साठलेत. पुण्यात एकजण जुना व्हॉक्स एसी15, 15 वॉटचा ट्यूबवाला गिटार अ‍ॅम्प (आतल्या काचेच्या नळ्या आवाज मोठा करतात तो), विकायलाय, 38 ला देतो म्हणतो. दुसरा विचार नव्या बॉस कटाना 50 चा, म्हणजे 50 वॉटचा मॉडेलिंग अ‍ॅम्प, ट्यूब नाहीत, त्यांच्या आवाजाची डिजिटल नक्कल करतो. कटाना दुकानात वाजवला, बरा वाटला. एसी15 ला अजून हात लागलेला नाही, नुसते व्हिडिओ बघून झोप उडालीय.

माझी खोली गच्चीवर, पत्र्याची. खाली आजी झोपते. लग्नसराईत महिन्याला चार-पाच कार्यक्रम, कधी औसा कधी रेणापूर, टेम्पोत सामान टाकून. लाइटीचं तर तुम्हाला माहीतच. काय करू?

रिव्हर्ब_राणी (छत्रपती संभाजीनगर)
ट्यूब घे, डोळे झाकून. दोन वर्षं मॉडेलिंगवर काढली मी. मग एकदा मैत्रिणीच्या ट्यूबवर वाजवलं. तार हळू छेडली की आवाज स्वच्छ, जोरात मारली की फाटतो, नॉबला हात न लावता. मॉडेलिंगात पण होतं हे, पण बोटांना फरक कळतो.

व्हॉल्व्हकाका (परभणी)
ताईंचं खरं आहे, आणि तरी मी नको म्हणेन.

वडिलांच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करत वाढलो मी. तुमच्या ट्यूब म्हणजे आमचे व्हॉल्व्हच. एसी15 मध्ये 12एएक्स7 जातीचे छोटे व्हॉल्व्ह तीन, ईएल84 जातीचे मोठे दोन. त्यांचे फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, 6.3 व्होल्टवर चालतात, सगळे मिळून अडीच अ‍ॅम्पियरच्या आसपास ओढतात. म्हणजे एक सूर निघायच्या आधी 15 वॉट नुसते तापायलाच गेले. भिंतीतल्या 230 चे 180 झाले की फिलामेंटला जेमतेम पाच मिळतात. आवाज मऊ पडतो, व्हॉल्व्ह झिजतात. पहाटे लोड उतरला की उलटं, तेही वाईटच. स्टॅबिलायझर लागणार, तोही फ्रिजला लावतात तो टकटक करणारा नाही, सर्व्होचा, आतली मोटर फिरवून व्होल्टेज जुळवणारा. टेम्पोत त्याचं ओझं वेगळं.

आता माझी फजिती. गणपतीत मानवतला वाजवायला गेलो होतो. माझं हेड, म्हणजे नुसता अ‍ॅम्प, वेगळं, स्पीकरची पेटी वेगळी. कुणाचा तरी पाय अडकून स्पीकरची वायर निघाली. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प असता तर गप बसला असता. ट्यूबला स्पीकरचा लोड नसला की व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज चढतं. आवाज का येईना ते मला कळेना, म्हणून मी आणखी जोरात वाजवलं! जळक्या वार्निशचा वास आला तेव्हा हात थांबला, तोवर ट्रान्सफॉर्मर गेला होता. आपल्याकडं शेतातल्या मोटारी बांधणारे गल्लोगल्ली, पण ट्रान्सफॉर्मरची दोन्ही वेटोळी, प्रायमरी-सेकंडरी, एकात एक थर देऊन बांधायचं म्हटल्यावर सगळ्यांनी हात जोडले. शेवटी मीच बांधला, तिसऱ्या खेपेला जमला. तांब्याच्या तारेला किती गेले ते लिहीत नाही, बायको वाचते इथं.

आणि 15 वॉट म्हणजे छोटं काम समजू नको. 50 वॉटशी फरक जेमतेम सव्वापाच डेसिबलचा. ताई म्हणतात ती गोडी यायला आवाज चढवावा लागतो. पत्र्याखाली चढवलास तर आजी उठून बसेल. कटाना अर्ध्या वॉटवर उतरतो, हेडफोनही लागतो.

मित्राकडून मल्टिमीटर आण, घरचं व्होल्टेज दुपारी आणि रात्री मोज. मग बोलू.

रिव्हर्ब_राणी
काका, तुमचा अ‍ॅम्प अजून आहे का? विकणार?

व्हॉल्व्हकाका
आहे. नाही.

तार_तुटली
मोजलं. दुपारी 3 ला 187, रात्री 11 ला 248. एकदा तर कूलर चालू करताना 179 दिसले. कटानाच घेतो काका. उरलेल्या पैशात मोटरसायकलचं टायर पण होईल.

पण पुढच्या आठवड्यात पुण्याला चाललोय. तो एसी15 नुसता वाजवून बघू का? फक्त वाजवून.

व्हॉल्व्हकाका
बघ की. पाकीट आजीकडं ठेवून जा.